पंचवीस मिनिटांचा मासा

मित्रांनो, परवापर्यंत माझ्या झाकणावर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर निळ्या पेनानं 'खराब' असं लिहिलं होतं. तुमचा त्यावर विश्वास बसायच्या आधीच सांगतो, ते खोटं होतं. मी एक जुना, गोल, अॅल्युमिनियमचा ओव्हन आहे. जुना आहे हे कबूल. अंगावर पोचे पडलेत आणि एक मूठ तुटलीय, तेही कबूल. पण खराब मी नाही. आज वायर लावा, पाच मिनिटांत मला हात लावायची तुमची हिंमत होणार नाही.

शाळेत तुम्हाला माझ्यासारख्यांची मनोगतं लिहायला लावतात. त्यातली छत्री, त्यातला फळा, त्यातली सायकल, सगळे आयुष्यभर राबतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मला ते जमणार नाही. माझ्याशी दगा झालाय, आणि ज्यांनी केला त्यांची नावं मी घेणार आहे.

माझा जन्म सोलापूरच्या एका लहान कारखान्यातला. अॅल्युमिनियमची सपाट चकती यंत्रावर गरगर फिरवायची आणि फिरता फिरता दाबत दाबत तिला वाटीचा आकार द्यायचा, असं मला केलं. तळाला कॉइल बसवली. झाकणात बशीएवढी काच बसवली, म्हणजे आत काय चाललंय ते झाकण न उघडता दिसावं. सोबत दोन गोल थाळ्या दिल्या. कमी-जास्त करायचं बटण मात्र दिलं नाही. वायर लावली की तापायचं, काढली की गार व्हायचं, एवढंच मला येतं. आत एक आणि बाहेर एक असं मला जमत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

परंड्याच्या लक्ष्मीबाईंनी मला विकत घेतलं. तेव्हा त्या तिशीत होत्या. गावात बायकांसाठी आठ दिवसांचा बेकरीचा वर्ग भरला होता, त्यात त्या नानकटाई शिकल्या आणि नवव्या दिवशी मला घेऊन घरी आल्या. त्यांचे मालक हसले होते. म्हणाले, "आता भाकरी पण ह्याच्यात भाजणार का?" पण पहिली नानकटाई तोंडात टाकली आणि गप्प झाले. मग काय, दिवाळी आली की गल्लीतल्या बायका तुपाचे डबे घेऊन आमच्या दारात. मी दिवस दिवस तापायचो. लक्ष्मीबाई काचेतून वाकून बघायच्या आणि कुणीही आलं की सांगायच्या, "ह्याला हात लावू नका, ह्यो माझा हाय." ते शब्द मी जपून ठेवले होते.

मग मालक गेले. लक्ष्मीबाईंनी गळ्यात तुळशीची माळ घातली, मासमच्छी सोडली, आणि त्याच साली माझी कॉइल जळाली. दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही. मला पोटमाळ्यावर टाकलं. अकरा वर्षं. शेजारी फाटलेली ताडपत्री आणि एक लंगडा पाट. अकरा वर्षांत माझ्या काचेवर इतकी धूळ बसली की उंदीरसुद्धा आत डोकवायचे थांबले.

तिथून मला खाली आणलं ते अर्पितानं. अर्पिता म्हणजे लक्ष्मीबाईंची सून, रणधीरची बायको. ती अंगणवाडी सेविका आहे आणि रणधीर पतसंस्थेत कारकून. त्यांची मुलगी निकिता शिकायला तुळजापूरला वसतिगृहात असते. म्हणजे घरात माणसं तीनच. पण त्या तीन माणसांसाठी अर्पिताला आठवड्यातून दोनदा दोन स्वयंपाक करावे लागायचे.

आमच्या भागात कैक घरांत असं असतं. वशाट, म्हणजे मटण-मासा, घरातल्या चुलीवर शिजवायचं नाही. त्याची चूल मागं शेडात, त्याचा तवा खिळ्याला बाहेर, त्याची पातेली बाहेर. घरात एक माणूस माळकरी असलं की मग तर विचारूच नका. रणधीरला बुधवारी आणि शुक्रवारी मासा लागायचा. धरणाचा रोहू तो येताना घेऊन यायचा, पिशवी शेडाच्या दाराला अडकवायचा आणि हातपाय धुऊन मोबाइल बघत बसायचा. तिथून पुढचं सगळं अर्पिताचं. आत गॅसवर सासूबाईंसाठी भाकरी, वरण, भाजी. ते झालं की मागं येऊन तुराट्या पेटवायच्या, धुरात डोळे पुसत मासा तळायचा, कालवण करायचं, वेगळी भांडी वेगळ्या राखेनं घासायची, आणि अंगावर पाणी घेऊन, साडी बदलून मगच आत पाऊल टाकायचं. जेवायला बसेपर्यंत तिच्या हाताला चमचा धरायचं बळ नसायचं.

आणि तिला एक परीक्षा द्यायची होती, दोन वर्षांनी होणारी. मुख्यसेविकेची. पिवळ्या कव्हरचं जाडजूड पुस्तक तिनं आणून ठेवलं होतं. वयाच्या अटीत ती एवढ्या एकाच वेळेला बसत होती. ही हुकली की कायमचं संपलं. बाकीच्या संध्याकाळी ती पुस्तक उघडायची आणि घरातून हाक यायची. चहा. चार्जर कुठंय. दळण आणलं का. बसलेली बाई दिसली की आमच्या घराला काहीतरी आठवतंच.

दिवाळीची भांडी काढायला ती पोटमाळ्यावर चढली आणि मी तिच्या हाताला लागलो. तिनं मला पुसलं, पिशवीत घातलं आणि किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या रसूलचाचांच्या दुकानात नेलं. चाचा पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतात. त्यांची मुलगी तरन्नुम अर्पितासारखीच अंगणवाडी सेविका, पलीकडच्या वस्तीतली. दोघी मैत्रिणी. चाचा माझ्या पोटात नवी कॉइल बसवत होते आणि ह्या दोघी बाकड्यावर बसल्या होत्या.

"नानकटाईला आणलास का?" तरन्नुमनं विचारलं.

"आत्यांना आवडते म्हणून." सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

"आणि मासा तळत बस तू धुरात. अगं, ह्यात कर की. मसाला लाव, आत ठेव, झाकण टाक."

"आणि मग?"

"मग काय, पुस्तक काढ. मासा काही तुला हाक मारत नाही."

अर्पिता इतक्या जोरात हसली की चाचांच्या हातातला पेचकस घसरला. माझ्या अंगावर अजून तो ओरखडा आहे.

ती चोरून काही करणारी नव्हती. घरी आल्या आल्या लक्ष्मीबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, तुमचा ओव्हन चालू करून आणलाय. मागं शेडात त्यात मासा केला तर चालंल का?"

"आन् माझी नानकटाई?"

"थाळ्या दोन आहेत. एक तुमची, एक माशाची. माशाच्या थाळीला नेलपॉलिशनं लाल खूण करते आणि बाहेर खिळ्याला लावते. तुमची आत स्वयंपाकघरात."

लक्ष्मीबाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "ओव्हन काय मासा खातोय व्हय? लागतंय ते थाळीला. पण बघ, कवातरी इसरशील."

"न्हाय इसरणार."

"तू न्हाय इसरणार. बाकीच्यांचं काय?"

ह्यावर दोघीही हसल्या. मला तेव्हा लक्ष्मीबाई फार मोठ्या मनाच्या वाटल्या.

अर्पिताचा मासा कसा असायचा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माशावाला खवले काढून द्यायचा, पण ती घरी सुरीच्या पाठीनं उलट्या बाजूनं पुन्हा खरवडायची. उजेडात धरून बघायची. मग तुकड्यांना आडव्या चिरा, चिरांमध्ये लसूण, आलं, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण, वरून हळद, मीठ, घरचा काळा मसाला आणि चिंचेचा कोळ. हे सगळं ती रणधीर हातपाय धुऊन येईपर्यंत संपवायची, इतकं सोपं. आणि थाळीत आधी कांद्याच्या जाड चकत्या पसरायची, त्यावर मासा. कांदा खाली असला की मासा चिकटत नाही, थाळी एका हाताच्या घासण्यात लख्ख होते. वरून चमचाभर तेल, झाकण, वायर. आधी माझी काच वाफेनं आंधळी होते. मग हळूहळू आपोआप स्वच्छ होत जाते, आणि स्वच्छ झाली की समजायचं, मासा झाला. वाटण कडेला करपून काळं पडलेलं, मांस सुरीशिवाय सुटणारं, खालचा कांदा गोड. पंचवीस मिनिटं. एक मिनिट जास्त नाही.

पण घरात आम्ही सांगायचो, तास लागतो.

होय, मी त्या खोट्यात सामील होतो. पंचवीस मिनिटं झाली की ती वायर काढायची, झाकण तसंच ठेवायची, आणि मी पस्तीस मिनिटं मासा गरम धरून ठेवायचो. ती शेजारी पोटमाळ्यावरून आणलेल्या त्याच लंगड्या पाटावर बसून वाचायची. पेनाचं टोपण दातात धरून स्वतःशीच पुटपुटायची. आतून हाक आली की तिच्याकडं उत्तर तयार असायचं, "ओव्हन लावलाय." आणि हाक परत जायची. बाई पुस्तक वाचतीय म्हटलं तर घर थांबत नाही. बाई मासा करतीय म्हटलं की घर थांबतं. आठवड्यात दोन संध्याकाळी, दोन वर्षं. निम्मं पुस्तक तिनं माझ्या उबेत पाठ केलं. रणधीर मासा खायचा, बोटं चाटायचा, आणि दर बुधवारी एकच म्हणायचा, "असला मासा हाटेलात मिळायचा न्हाय." माझ्याकडं बघून म्हणायचा. त्या तोंडावर मी विश्वास ठेवला.

परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. एका बुधवारी अर्पिताला धाराशिवला प्रशिक्षण होतं. ती सकाळच्या एसटीनं गेली, यायला उशीर होणार होता. लक्ष्मीबाई संध्याकाळी देवळात हरिपाठाला गेल्या. आणि रणधीर दोन दोस्तांना घेऊन शेडात आला, बालाजी आणि सिद्धाराम.

"वहिनी न्हाईत आन् जेवायला बोलावलंस व्हय?" बालाजी म्हणाला. "काय हाय, चिवडा?"

"गप बस. आज ह्या भावाच्या हातचा रोहू खायचा."

"तुला गॅस तरी पेटवता येतो का?"

"ह्याच्यात पेटवायचं काय हाय? वायर लावायची."

मासा मोठा होता. त्यानं तो पुन्हा खरवडला नाही. कांदा चिरला नाही. लाल खुणेच्या थाळीत पाच तुकडे बसले, चार उरले. "आता काय?" सिद्धाराम म्हणाला. रणधीर आत गेला आणि स्वयंपाकघरातली थाळी घेऊन आला. लक्ष्मीबाईंची.

मित्रांनो, मी तेव्हा काय करणार होतो? मला बटणसुद्धा नाही. वायर लावली, मी तापलो. एक थाळी निघाली, दुसरी आत आली, दोन्ही वेळा मी माझं काम चोख केलं.

पहिली थाळी निघताना सिद्धारामनं घड्याळ बघितलं. "झाला की रं. पंचवीस मिनिटं पण न्हाय लागली. तू तर म्हणतो तास लागतो."

"ती सांगती तास."

"मग राहिलेला येळ काय करती?"

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. मग पाटाकडं. पाटावर तिच्या पेनाचं चावलेलं टोपण पडलं होतं. मला त्याचं ते बघणं आवडलं नाही.

जेवल्यावर त्यानं लाल खुणेची थाळी घासून खिळ्याला लावली, कारण ती रोज दिसणारी. दुसरी नुसती नळाखाली धरली. तळाला काहीतरी चिकटलेलं होतं. बोटानं एकदा खरवडलं, निघालं नाही, सोडून दिलं. आत नेऊन जागेवर ठेवली. निघालेल्या दोस्तांना म्हणाला, "घरी कुणाला सांगू नका रं. न्हायतर दर बुधवारी मलाच उभं करतील हितं."

एवढंच त्याचं कारण होतं. एवढ्याशा कारणासाठी.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमच्या घरी बायकांचं भजन असतं. लक्ष्मीबाईंनी दुपारी पीठ मळलं. सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं आणि चष्मा सापडत नव्हता. थाळीला तूप लावलं, गोळे ठेवले, माझ्यात सरकवले. अर्पिता अंगणवाडीत होती. तूप तापलं तसं माझ्या लक्षात आलं की आज आत एकटं तूप नाही. पण मी ओव्हन. मी भाजलं.

आमचं घर लांबोडं आहे. मधली दारं उघडी असली की शेडातून पुढची खोली सरळ दिसते. दोन अभंग झाले, चहा फिरला, नानकटाई फिरली. सिताबाई नावाची एक बाई आहे, भजनात सगळ्यात मोठा आवाज तिचा.

"बदाम घातलेत व्हय आज?" ती खाता खाता म्हणाली. "चैन हाय बाई लक्ष्मीबाईची."

"बदाम? न्हाय बाई."

"मग ह्ये काय? चावंना झालंय."

तिनं तोंडातून काढून ते उजेडात धरलं. गोल, पातळ, आरपार दिसणारं, कडेला बारीक रेषा. सिताबाईचं माहेर सीना नदीच्या काठचं. तिला सांगावं लागलं नाही.

"लक्ष्मीबाई," ती हळूच म्हणाली, "ह्यो तर माशाचा खवला हाय."

पेटी वाजवणारीचा हात तसाच राहिला. एक बाई उठून मोरीत चुळा भरायला गेली. बाकीच्या खाली बघत एकेक करून बशा सरकवायला लागल्या. "मला काय न्हाय, मी खाऊनपिऊन माळ घातलेली," सिताबाई म्हणाली. "पण तुम्ही आम्हाला बोलावून असं करायचं न्हवतं." भजन तिथंच संपलं. लक्ष्मीबाई दारात हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या हाताकडं कुणी बघत नव्हतं. ते मला अजून दिसतं. त्यांची काही चूक नव्हती.

संध्याकाळी सगळे माझ्याभोवती उभे राहिले. लक्ष्मीबाईंच्या हातात ती थाळी.

"कुणी घेतली ही?"

"मी न्हाय, आत्या," अर्पिता म्हणाली. "मी काल धाराशिवला होते."

रणधीर दाराला टेकून उभा होता. "माझ्याकडं काय बघता? मी कवा हात लावलाय का ह्याला?"

"मग काल जेवलात काय?" अर्पितानं विचारलं.

"बाहेरनं आणलं."

अर्पितानं थाळी घेतली, नखानं तळ खरवडला आणि नख नाकाशी नेलं. "हिच्यात कांद्याचा डागसुद्धा न्हाय. मी कांदा घातल्याबिगर मासा ठेवत न्हाय. आन् खवले मी दोनदा काढते. हे माझ्या हातचं काम न्हाय."

"लई कळतं तुला." रणधीरचा आवाज चढला. "आम्हाला येडं समजती का? तास तास हितं पुस्तक घेऊन बसती आन् सांगती मासा व्हायला तास लागतो. पंचवीस मिनिटांत होतंय ते. घड्याळ लावून बघितलंय."

 

लक्ष्मीबाईंनी मान वर केली. "कवा बघितलंस रं?"

 रणधीरचे कान लाल झाले. तो पायातल्या चपलेकडं बघत राहिला.

मित्रांनो, तेवढा एक क्षण मला वाटलं, आता होईल. ज्या बाईनं मला घरात आणलं, 'ह्यो माझा हाय' म्हटलं, ती आता बोलेल. तिला सगळं कळलं होतं. तिनं येऊन माझ्या झाकणावर हात ठेवला. मी गार होतो. बराच वेळ तिनं हात तसाच ठेवला. मग म्हणाली,

"ओव्हनच खराब झालाय."

रणधीरनं वर बघितलं.

"जुना झालाय. वास मुरलाय त्याच्यात. सिताबाईला मी तसंच सांगते, ओव्हनच खराब होता म्हून. उद्या काढून टाक त्याला."

"तेच मी म्हणतोय," रणधीर म्हणाला. किती पटकन म्हणाला. असला मासा हाटेलात मिळायचा न्हाय म्हणणारं तोंड तेच.

मग दोघांनी अर्पिताकडं बघितलं. तिच्या हातात अजून थाळी होती. मी तिच्याकडं बघत होतो, म्हणजे काचेला जेवढं बघता येतं तेवढं. ती खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. एक तासाचं सोडलं तर.

"व्हय," ती म्हणाली. "जुनाच झाला होता."

रणधीरचं मला एवढं लागलं नाही. लक्ष्मीबाईंचंही मी समजू शकतो, पोटच्या पोराचं नाव चार बायकांत कसं घेणार. पण अर्पिता. तिला वाटलं असेल, एवढं मान्य केलं की भांडण मिटेल, निदान पुस्तक तरी टिकेल. तिघांनी मिळून तिघांना वाचवलं आणि माझ्यावर ढकललं. मी सोयीचा होतो. मला तोंड नाही.

शुक्रवारी सकाळी रणधीरनं मला मोटारसायकलवर बांधून रसूलचाचांच्या दुकानात टाकलं. "खराब झालाय, चाचा. काय पार्ट निघतील ते काढून घ्या." चाचांची एक रीत आहे. गिऱ्हाईक जे सांगेल ते पट्टीवर लिहायचं आणि चिकटवायचं, मग सवडीनं खोलायचं. त्यांनी लिहिलं. सवड झाली नाही. मी फळीवर एका मुक्या रेडिओच्या शेजारी बसलो, कपाळावर तो शब्द घेऊन.

घरचं पुढं काय झालं ते मला तरन्नुमच्या तोंडून कळत गेलं. बुधवार-शुक्रवारची चूल परत आली. तुराट्या परत आल्या. पुस्तक फाटलं नाही, कुणी फेकलंही नाही, फक्त उघडायला जागा राहिली नाही. अर्पिता कुठंही दोन मिनिटं टेकली की रणधीर म्हणायचा, "झाली का पंचवीस मिनिटं?" चेष्टेनं म्हणायचा. चेष्टेत म्हटलं की त्याला उत्तर देता येत नाही. तिनं परीक्षा दिली. यादी लागली त्या दिवशी तरन्नुम दुकानात आली, बाकड्यावर बसली आणि बापाला म्हणाली, "अर्पिताचं नाव नाही, अब्बा. चार मार्कांनी गेलं. शेवटचे तीन धडे तिनं उघडलेच नव्हते."

"पुढच्या बारीला बसेल," चाचा म्हणाले.

"पुढची बारी नाही तिला. वय संपलं."

चाचांनी हातातली इस्त्री खाली ठेवली. शेवटचे तीन धडे. पाच आठवडे, दहा संध्याकाळी. मी हिशेब करायला शिकलेलो नाही, पण हा मला आला.

परवाच्या बुधवारी अर्पिता दुकानात आली. अंगणवाडीचा मिक्सर बिघडला होता. पिशवीतून मिक्सर काढता काढता तिची नजर फळीवर गेली.

"चाचा, हा अजून ठेवलाय?"

"ठेवला बेटा. कॉइल म्याच टाकलेली. मनात आलं, दोनच वर्षांत गेली कशी? पण तुमच्या घरूनच सांगितलं खराब म्हणून. गिऱ्हाईकाच्या शब्दावर मी मीटर लावत नाही."

"लावून बघितलाच न्हाय?"

"न्हाय."

"लावा."

चाचांनी मला खाली उतरवलं, फडक्यानं पुसलं, वायर लावली. कित्येक महिन्यांनी माझ्या पोटात ऊब आली. मनात आलं, तापू नये. तापलोच नाही तर ह्यांचं सगळ्यांचं खरं ठरेल आणि एकदाचं संपेल. पण मला ते येत नाही. मी तापलो. चाचांनी वर तळहात धरला आणि झटक्यात मागं घेतला.

"ह्याला तर काय झालेलं न्हाय."

"न्हाय झालेलं," अर्पिता म्हणाली. "मला ठाऊक होतं. तवाच बोलायला पायजे होतं मी." ती चाचांशी बोलत होती, बघत मात्र माझ्या काचेकडं होती. "म्हटलं, गप बसले तर पुस्तक टिकेल माझं."

 चाचांनी तिला बसायला बाकडं पुढं केलं.

मित्रांनो, शेवटी काहीतरी सांगायची रीत आहे, म्हणून सांगतो. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. पुसणारे पुष्कळ भेटले. तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात बसून काही वाचत असेल तर त्याला हाक मारू नका, पाणी आपल्या हातानं घ्या. खाल्लं असेल तर मी खाल्लं म्हणा. थाळी वापरली असेल तर मी वापरली म्हणा. एवढं म्हणायला पंचवीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि कुणावर तरी ढकलायचंच असेल, तर जो बोलू शकतो त्याच्यावर ढकला. त्याला निदान उलटून बोलता येईल.

मी तिला माफ केलं का? नाही. अजून नाही. ती मला घरी घेऊन गेली नाही, आणि मला वाटतं तिनं तसं विचारलं असतं तरी मी एवढ्यात हो म्हटलं नसतं.

पण जाताना तिनं एक केलं. माझ्या झाकणावरची पट्टी उबेनं सैल झाली होती. तिनं नखानं एक कोपरा उचलला आणि सावकाश, न फाडता, सबंध पट्टी काढली. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशीच होता. तिनं त्यात टाकली नाही. 'खराब' हा शब्द बाहेर राहील अशी घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पदर खोचून घराकडं निघाली. बुधवार होता. शेडाच्या दाराला माशाची पिशवी अडकवून रणधीर मोबाइल बघत बसला असणार.

ती पट्टी ती कुणाला चिकटवणार आहे, ते तिनं चाचांना सांगितलं नाही. मला मात्र वाटतं, चिकटवायची जागा तिला ह्या वेळेला बरोबर माहीत आहे.